चित्रामागचं नाव

मॅक्सवेलचं पत्र गणपतीत आलं होतं. शिमगा सरला तरी गुरुदासांनी उत्तर धाडलं नव्हतं. ‘मी माझं आवरलं. आता ते सगळं तुझं. मतलईची नोंद पुरी केलीस का?’ चोराने घर धुऊन न्यावं आणि वर विचारावं, जेवलास का!

कट्टा गावच्या वाचनालयात बसून दोघा म्हाताऱ्यांनी खलाशांच्या तोंडची वाऱ्यांची नावं गोळा केली होती. सगळी मॅक्सवेलने दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये. बटण दाबलं की काळा पडदा, मग गरगरणारे ठिपके, मग दोन नावं: मॅक्सवेल, गुरुदास. आपल्या नावावर बाण नेऊन दाबायचं, पासवर्ड घालायचा. गुरुदासांना येत होतं ते एवढंच, आणि तेही येतंय यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मॅक्सवेल मुलाकडे वसईला गेला आणि त्याच आठवड्यात नावं नाहीशी झाली. ठिपके थांबले की आता बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि त्यावर भलंमोठं घड्याळ. परक्याच्या पडवीत बोलावण्याची वाट बघावी तसे गुरुदास हात गुडघ्यांवर ठेवून बसत. कोणी बोलावत नसे. म्हणजे मित्राने त्यांचं नाव पुसलं, शब्द पळवले. हे त्यांनी एकट्या बाबली पोस्टमनला सांगितलं. म्हणजे साऱ्या बाजाराला.

“गुरुदासानू, रोज घड्याळ बघूक येतास?” झाडलोट करणारी काशीबाई म्हणाली. “भिंतीर आसा मां एक!”

“तेना माझा नाव काढल्यान, काशी.”

“मॅक्सवेलमास्तरान? तो तसो नाय हां.”

“गाव सोडून जायपर्यंत कोणच तसो नसता.”

काशीबाईने नाक मुरडलं आणि टेबलावर फडकं मारलं. ते कीबोर्डवरून फिरलं मात्र, डोंगर सरकन वर गेला. मागे नाव होतं. एकच. ‘गुरुदास.’

पुसलेलं नाव मॅक्सवेलचं होतं. त्याने स्वतःच पुसलेलं. पत्रात तेच तर होतं: मी माझं आवरलं.

गुरुदासांनी पासवर्ड घातला, चुकला, पुन्हा घातला. सगळे वारे जागच्या जागी होते. शेवटी ‘मतलई’ एवढाच शब्द, आणि खाली मॅक्सवेलची टीप: हे गुरुदासने लिहावं. पहाटेचा वारा त्यालाच ठाऊक, मी झोपलेला असतो.

“काय झाला? रडतास कित्याक?”

“काय नाय गो.”

ते तडक पोस्टात गेले.

“पाकीट देवू?” बाबलीने विचारलं.

“नको. कार्ड दी.”

“कार्ड? ता सगळे वाचतत.”

“तू वाचतस. म्हणानच दी.”

खिडकीशी उभ्यानेच त्यांनी लिहिलं: ‘मॅक्सवेल, नाव जागेवर होतं. चित्रामागे बघायचं मला सुचलं नाही. मी तुला चोर समजलो, आणि तसं बोललोही. मतलई आज लिहायला घेतो. तुझं नाव तिथे परत घालायला ये. मला जमणार नाही.’

त्यांनी कार्ड उघडंच बाबलीपुढे धरलं. त्याने वाचलं, मान खाली घातली. मग गुरुदासांनी ते लाल पेटीत टाकलं.