पाचव्या प्रकरणातली साक्ष

माझ्या पुस्तकाला अल्जिअर्सच्या विद्यापीठात टाळ्या मिळाल्या आणि इकडे सहारा वाळवंटातल्या म्झाबच्या खोऱ्यात माझ्या आईचं काम गेलं. दोन्ही गोष्टी पाचव्या प्रकरणामुळे झाल्या.

आई, मेन्ना, चाळीस वर्षं गावातल्या मयत बायकांना न्हाऊ घालत होती. आमच्याकडे हे ऐऱ्यागैऱ्या बाईचं काम नाही. पाच जणी असतात आणि मशिदीतल्या मंडळाइतकाच त्यांचा धाक असतो. एखादं घर वाळीत पडलं, तर त्या घरच्या मयताला त्या हात लावत नाहीत.

मी समाजशास्त्र शिकवते. माझा प्रश्न साधा होता. आमचे पुरुष दूर उत्तरेत दुकानं थाटतात, वर्षातून एकदा घरी येतात, तरी तंबाखू विकत नाहीत, दारू विकत नाहीत. का? तिथं कोण बघतंय? तुलनेसाठी मी स्वित्झर्लंडमधल्या एका जुन्या प्रोटेस्टंट खोऱ्याची दप्तरं दोन वर्षं चाळली. तिथले घड्याळजीही असेच कष्टाळू, असेच काटकसरी आणि असेच रुक्ष. धर्म वेगळा, पण अंगाला लागलेलं वळण तेच. त्यांना चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या पंगतीतून उठवलं जाण्याची भीती होती. आमच्या लोकांना कसली, ते मला आईनं सांगितलं.

रवा चाळता चाळता ती बोलून गेली. "अगं, माणूस तिकडे असला तरी त्याची आई, बायको इथंच असते ना? मरणार इथंच. मग आम्ही आहोतच की." आणि तिनं एक जुनी हकीकत सांगितली. उत्तरेत ओरान शहरात दुकान थाटलेल्या गावातल्या एकानं तंबाखू विकायला ठेवली होती. त्याची आई वारली तेव्हा पाचही जणी दारात बसून राहिल्या, आत गेल्या नाहीत. दुपारपर्यंत मयत तसंच. शेवटी त्याच्या भावानं मशिदीत उभं राहून त्याच्या वतीनं माफी मागितली, तेव्हा कुठं पाणी तापलं.

मी ते पाचव्या प्रकरणात जसंच्या तसं छापलं. नाव घातलं नाही, एवढी अक्कल होती. पण गावात नाव लागतं कशाला? मयताजवळ घडलेलं बाहेर बोलायचं नाही, हा त्या पाच जणींचा पहिला नियम. तो मोडला तर माफी नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, मी त्यावर अर्धं पान लिहिलंही होतं. तो नियम माझ्याच आईला लागू पडेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी मी शिकलेली.

आईला काढलं, वाळीत टाकलं. चार वर्षं शेजारणी तिच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. फोनवर मी म्हणायचे, "माझ्याकडे ये." ती म्हणायची, "आणि तिकडे मला न्हाऊ कोण घालणार? तुझे विद्यार्थी?" आणि हसायची. ते हसणं मला सहन व्हायचं नाही.

परवा सकाळी ती गेली. मी विमानानं पोचले तेव्हा आई आत चादरीखाली होती आणि पाचही जणी, आईच्या जागी घेतलेली नवी धरून, दारात बसल्या होत्या.

त्यांच्यातली थोरली शाशा, मानानं सगळे लल्ला म्हणतात. आईची मैत्रीण, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. मी तिच्यापुढे बसले. "लल्ला, मी माफी मागते. म्हणाल तिथं उभी राहते."

"तुझ्या आईनं मागितली गं. गेल्या शुक्रवारी. दोघींनी धरून उभी केली तिला."

"पण नियम मोडला तर माफी नसते ना?"

"ती म्हणाली, मी नियम मोडलाच नाही. असं कधी घडलंच नव्हतं. पोरीला पुस्तकासाठी काहीतरी हवं होतं, मी मनचं रचून सांगितलं. खोटं बोलले, माफ करा." लल्ला शाशानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोट्याला माफी आहे. पण तुझं पुस्तक म्हणतंय, घडलं. आता तूच सांग, तुझी आई खोटं बोलली होती का?"

माझ्या आईला साखर संपली म्हणून खोटं सांगणंही जमत नसे. आणि त्या हकिकतीत दारात बसलेल्या पाच जणींत लल्ला शाशा स्वतः होती. खरं काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

माणसं असं का वागतात, हे मी चारशे पानांत समजावून सांगितलं आहे. त्यातलं एकही पान त्या दारात माझ्या कामाला आलं नाही. मला फक्त आई पारोशी मातीत जायला नको होती.

"हो," मी म्हटलं. "खोटं बोलली."

"मोठ्यानं. गल्लीत बायका उभ्या आहेत."

"माझी आई खोटं बोलली! पुस्तकातलं काही घडलेलं नाही!"

लल्ला शाशा गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही. "पाणी तापवा," ती बाकीच्यांना म्हणाली. चौघी आत गेल्या.

मीही उठले. "लल्ला, मला निदान पाणी ओतू दे."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नको गं," ती म्हणाली. "तू लिहिशील."

आणि तिनं दार लावून घेतलं.