अळणी प्रसादाची कढई

मित्रांनो, पालथी पडले आहे म्हणून मला टोपली समजू नका. मी एक जुनी तांब्याची कढई आहे. ताडकळसजवळच्या एका लहान गावात, महादेवाच्या देवळाच्या ओवरीत माझा मुक्काम असतो. निजामाच्या राजवटीत गावाने घरोघरची फुटकी तांब्याची भांडी गोळा केली आणि तांबटाने ती वितळवून मला घडवले. म्हणून प्रत्येक घराला मी आपलीच वाटते. मलाही ते फार आवडते.

मला काम वर्षातून एकदाच. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, यात्रेच्या पारण्याला, ज्याच्या घरी जी असेल ती भाजी माझ्या पोटात पडते. कस्तुराबाईंचा भोपळा दरवर्षी सगळ्यांत मोठा असे आणि ते सांगितल्याशिवाय त्या राहत नसत. मिठाचा मान मात्र एकाच घराचा, किराणा दुकानवाल्या शांतम्मांचा. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, तरी त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

पुढे त्यांचे दोन मुलगे, चन्नप्पा आणि महालिंग, वेगळे झाले. दुकानात मधोमध भिंत आली. दोन वर्षे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आपण डोळे मिटण्याआधी पोरांनी बोलावे, एवढीच शांतम्मांची इच्छा उरली होती. त्यांची नजरही अधू झाली, आणि मिठाचा मान कुणाचा यावरून भाऊ देवळातच भांडले.

दिनकरराव पाटलांनी दोघांना वेगवेगळे गाठून समजावले. इतके समजावले, की थोरला फुरंगटून म्हणाला, टाकू द्या त्यालाच. धाकटाही तेच म्हणाला. भांडण मिटले म्हणून पाटील खूश झाले. मग मीठ टाकणार कोण, हे कुणीच विचारले नाही. मला सगळे कळत होते, पण कढईला कोण विचारतो?

नैवेद्य झाला, पंगत बसली. कालपासूनची उपाशी माणसे, पहिला घास तोंडात गेला आणि भाजीत मिठाचा कण नाही. प्रसादाला नावे कशी ठेवायची? कस्तुराबाईसुद्धा भोपळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हा शांतम्मांनी हातातला घास खाली ठेवला. दोन्ही मुलांना समोर बोलावून त्या म्हणाल्या, “महादेवाला अळणी जेवू घातलं तुमी. आता एकच ताट धरा आन् दोघं मिळून पंगतीला मीठ वाढा. एकट्यानं वाढलेलं मीठ मी खायची न्हाई.”

ताट दोघांनी धरले. अर्धी पंगत मुकाट्याने झाली. मग चन्नप्पा हळूच म्हणाला, “महालिंगा, तुझ्याकडचं पान राह्यलं की.” महालिंग मागे वळला. शांतम्मांनी भाजी दोनदा मागून घेतली.

त्या वर्षापासून आमच्या गावात माझ्यात मीठ पडत नाही. ते पानावरच येते, दोन्ही घरच्यांनी धरलेल्या एका ताटातून. एका साली मुलखात दंगाधोपा माजला, यात्रा भरली नाही आणि मी तशीच धूळ खात पडून राहिले. दुसऱ्या वर्षी मात्र आधी कल्हई झाली, मग चूल पेटली.

मित्रांनो, माझी कल्हई तेवढी वेळेवर करत जा, नाहीतर तांब्यात भाजी कळकून बिघडते. आणि कधी पारण्याला आलात, पहिला घास अळणी लागला, तर लगेच तोंड वाकडे करू नका. जरा थांबा. पंगतीच्या त्या टोकाकडून दोघे जण येत असतील.