आरशातली मुलाखत

गिऱ्हाइकाचा चेहरा मी समोरून बघतच नाही. माझ्यासमोर असतो तो डोक्याचा मागचा भाग, चेहरा आरशात. राजकारण, जावयाच्या तक्रारी, कुणाचं कुणाशी फाटलं, सगळ्या गप्पा आरशातून. सलूनच्या धंद्यात यात काही विशेष नाही. पण घरी जेवताना पाणी मागायचं झालं तरी मी बायकोकडे न बघताच मागतो, असं तिचं म्हणणं. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. लेकीमुळे घ्यावं लागलं.

लेक धातूंची इंजिनिअर. सरकार दरवर्षी मोजक्या मुलांना आपल्या खर्चाने परदेशी शिकायला पाठवतं, त्या शिष्यवृत्तीसाठी तिने अर्ज केला होता. माणसाच्या गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा का झिजतो, हा तिचा विषय. मार्क उत्तम, तिकडच्या विद्यापीठात प्रवेशही मिळालेला. घोडं अडलं होतं मुलाखतीपाशी. मागच्या वर्षीही ती तिथवर पोचली होती. पण समोर पाच माणसं ओळीने बसलेली दिसली आणि बाईसाहेबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. स्वतःचा विषयसुद्धा सांगता आला नाही. आता वयाच्या अटीमुळे यंदाची खेप शेवटची. शिष्यवृत्ती नाही तर जाणं नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"सराव करायचा," मी जाहीर केलं. "आपल्या सलूनमध्ये. आमच्या बाकड्यावर बसणाऱ्यांइतके खोचक प्रश्न कुठल्या साहेबाला सुचणार आहेत?"

झालं, लेक रिकाम्या खुर्चीत बसली. मागच्या बाकड्यावर नंबराला बसलेली मंडळी म्हणजे निवड समिती. अध्यक्ष अर्थातच हेडसर. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाजातली छडी अजून शाबूत. शिवाय त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा धातूचा, म्हणजे विषयावर हक्कच. शेजारचा औषधवाला दुकान पोरावर सोपवून रोज हजर.

"तुझ्या या अभ्यासाचा सरकारला उपयोग काय?" हेडसरांनी पहिल्याच दिवशी तोफ डागली.

लेक आरशात त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, तुमचा गुडघा किती वर्षं टिकेल, हे डॉक्टरांना विचारलंत कधी?"

"नाही गं. भीती वाटली."

"सगळ्यांनाच वाटते. आपल्याकडे गुडघा बसवणारे चांगले हात आहेत. पण बसवायच्या आधी तो यंत्रावर लाखो वेळा वाकवून, कुठे झिजतोय ते बघायची सोय नाही. ते यंत्र चालवायला आणि बनवायला शिकून यायचंय मला."

माझी कात्री हवेतच थांबली. बाकड्यावरून "वा!" आलं. मी सगळ्यांना चहा सांगितला आणि पुढच्या चार दिवसांत येईल त्याला ऐकवून ठेवलं, की पोरगी गेलीच म्हणून समजा.

मग एके सकाळी औषधवाला गडबडीत आला तो बाकड्यावर न बसता थेट आरशाला पाठ लावून, तिच्या पुढ्यात उभा राहिला. "हं, सांग बरं, हाच विषय का निवडलास?"

साधा प्रश्न. आदल्या दिवशी तिने त्याचं इतकं छान उत्तर दिलं होतं. आता तिने तोंड उघडलं, मिटलं. कान लालबुंद. ती नुसती बोटं मोडत बसली. शेवटी तो बिचारा ओशाळून बाजूला झाला, आरसा मोकळा झाला, आणि आरशातल्या औषधवाल्याला तिने घडाघडा उत्तर दिलं.

कुणी हसलं नाही. मुलाखतीच्या खोलीत आरसा कुठून आणायचा?

घरी बायकोला सांगितलं, तर तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "बापावर गेलीय. शाळा सुटली की तुमच्या त्या खुर्चीत अभ्यास आणि आरशातल्या माणसांशी गप्पा. दुसरं काय होणार? तुम्ही मला पहिल्यांदा भेटायला आलात, तेव्हा आमच्या कपाटाच्या आरशाशी बोलत होतात. मला वाटलं, हा माणूस स्वतःवर फारच खूश दिसतोय."

"तरी होकार दिलास ना?"

"कपाटाला विचारून दिला."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी दोन्ही आरशांवर गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायची पांढरी कापडं टांगली. जो तो वैतागला. "अहो, काय कापताय ते कळणार कसं?" माझं उत्तर एकच: विश्वास ठेवा. त्यावर एक जण अर्धवट कापल्या डोक्याने उठून दारापर्यंत गेला; रस्त्यावरची माणसं बघायला लागली तेव्हा मुकाट परत येऊन बसला. हेडसर म्हणाले, "दुकान चालू आहे की रंगकाम काढलंय?" खरं सांगायचं तर माझीही बोलती बंद झाली होती. बोलायचं तर समोर जाऊन बघावं लागायचं, आणि समोर गेलं की काय बोलायचं ते विसरायचं.

लेकीची खुर्ची बाकड्याकडे वळवली. पहिला दिवस पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली, तेव्हा हेडसर आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या डोळ्यांत बघूच नकोस. गुडघ्याकडे बघ. त्याच्याशी तुझं जमतं."

ती गुडघ्याशी बोलली. अडखळत, पण बोलली. मग काही दिवस शर्टाच्या बटणांशी, मग चष्म्याच्या काडीशी. मी एका हाताने कुणाची तरी मान धरून, तिची नजर इंचाइंचाने वर चढताना बघत होतो. शेवटी एक दिवस तिने हेडसरांच्या डोळ्यांत बघून अख्खं उत्तर दिलं, आणि हेडसरांनाच चष्मा काढून पुसावा लागला.

"बाबा," ती हसत माझ्याकडे वळली, "आता एक प्रश्न तुमचा."

प्रश्न होता माझ्याकडे. कधीपासून होता. पण तो टाकायला आरसा नव्हता. "मान खाली घ्या हो," मी गिऱ्हाइकाला म्हणालो. "नंतर विचारतो."

मुलाखतीहून ती तडक सलूनमध्ये आली. "बाबा, त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं! पाचही जण त्यात पाठमोरे दिसत होते. मला इतका मोह झाला म्हणून सांगू. अध्यक्षांच्या मानेवरची केसांची रेघ चक्क तिरकी होती."

"कुठल्या बाजूला उतरती?"

"बाबा!"

"बरं, मग?"

"मग नजर खाली आणली. आधी त्यांच्या बटणांवर, मग डोळ्यांत. आणि सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, तिकडे गेलेली मुलं परत येतात कुठे? तुम्ही याल कशावरून?"

"काय सांगितलंस?"

"ते तुम्ही विचाराल तेव्हा सांगेन," ती म्हणाली. कार्टीला माझा प्रश्न माहीत होता.

निकालाच्या दिवशी आरसे पुन्हा मोकळे होते. बायको माझा डबा घेऊन आली होती. लेक खुर्चीत बसून मोबाइलवर यादी वरखाली करत होती. तिचं बोट थांबलं. तिने आरशात माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. यादीत नाव होतं.

आरशात आम्ही तिघंही दिसत होतो. तिथल्या तिथे "शाब्बास" म्हणणं फार सोपं होतं. ओठावर आलंच होतं. पण मी कंगवा खाली ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

तिच्या गालावरचा तीळ मला भलत्याच बाजूला दिसला. आयुष्यभर मी तो उजव्या गालावर धरून चाललो होतो. तो डावीकडे होता.

"तू गेलीस की मला करमायचं नाही," मी तिच्याकडे बघत म्हणालो. आवाज फाटला, फाटू दिला. "अजिबात करमायचं नाही. पण तू जा. आणि... येशील ना गं परत?"

पाच साहेबांना पुरून उरलेली पोरगी पुन्हा मुकी झाली. पण या वेळी तिने नजर हलवली नाही. दोन्ही डोळे भरून वाहायला लागले तरी माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "येईन. त्यांनाही हेच सांगितलं. म्हटलं, माझ्या बाबांना अजून मला एक प्रश्न विचारायचाय, त्यांनी तो नाही विचारला, तर तो ऐकायला तरी मला परत यावंच लागेल."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. 

मग मागून डब्याचं झाकण वाजलं. "झालं का तुमचं?" बायको म्हणाली. "आता इकडे वळा. माझ्या वाट्याचंही एखादं वाक्य राहिलंय."

मी वळलो.