अंजिरी मोटर

नागपूरची राजधानी भोपाळला गेली तेव्हा फायली मालगाडीतून गेल्या, खुर्च्या ट्रकमधून गेल्या आणि नीळकंठ पिंपळापुरे ओव्हरसियर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्याने गेला. बायको मात्र गेली नाही. सुमित्रा म्हणाली, "राजधानी हलली म्हणून मी कशाला हलू? माझ्या नावाने कुणी ऑर्डर काढलेली नाही."

सगळा हिवाळा त्याने जहांगीराबादेतल्या दोन खोल्यांत, गोपीनाथच्या हातची पिठलं-भाकरी खात काढला. गोपीनाथ हा त्याच्याच खात्यातला कारकून, नागपूरचाच, बिनलग्नाचा आणि म्हणून सर्व बायकांच्या स्वभावाचा जाणकार. शेवटी होळीच्या तोंडावर सुमित्राने कळवलं, की सण झाला की आठ दिवस येऊन बघते. करमलं तर राहीन, नाही तर तुम्ही तिकडे आणि मी इकडे.

त्या एका वाक्याने नीळकंठाची झोप उडाली. आठ दिवसांत बायकोला करमेल असं त्याच्याजवळ होतं काय? एक तलाव होता, तो त्याचा नव्हता. आणि एक मोटर होती.

मोटर कुठून आली, याची हकीकत अशी. जहागिरी गेल्यावर शेजारच्या एका जहागीरदाराने तबेला रिकामा करायला काढला. त्यात बग्गी घेणाऱ्याला मोटर फुकट वर घातली की मोटर घेणाऱ्याला बग्गी, यावर मोहल्ल्यात अजून एकमत नाही. नीळकंठाच्या वाट्याला मोटर आली एवढं खरं. कापडी टपाची, विलायती, आणि गंजलेली तरी किती? ती चालू लागली की मागे गंजाचे पोपडे पडत, आणि दाणे समजून गल्लीतल्या कोंबड्या पार गावाबाहेरच्या मिसरोदपर्यंत तिच्या मागे टिपत जात. संध्याकाळी मालकिणी त्यांना आणायला टांगा करून जायच्या.

अशी ही मोटर. पण पत्रात नीळकंठाने लिहून टाकलं, "मोटर घेतली आहे. रंग तुझ्या शालूसारखा अंजिरी." कार्ड पेटीत पडलं. आता सुमित्रा यायच्या आत मोटर अंजिरी व्हायलाच हवी होती.

बुधवारा मोहल्ल्यात शफीकमियाँचा कारखाना होता. नवाबी मोटारींवर रंगाचा फवारा मारलेला माणूस. ते सांगत, की एकदा त्यांनी रंगवलेल्या मोटारीत तोंड बघून एका नवाबजाद्याने दाढी केली होती. शफीकमियाँनी नीळकंठाच्या मोटारीभोवती एक फेरी घातली, पोपडा उचलला, चुरगळला आणि फुंकला.

"को खाँ," त्यांनी भोपाळी थाटात विचारलं, "इसको किसने मारा?"

"रंगवायची आहे. अंजिरी. कब मिलेगी?"

"पहले खुरचेंगे, फिर लांबी भरेंगे, फिर अस्तर, फिर घिसाई, फिर रंग. छोड़ जाइए. हो जाएगी."

"पण कब?"

"हो जाएगी, मियाँ. मोटर है, बारात थोड़ी है."

नीळकंठ सरकारी माणूस. तारीख नसलेला शब्द त्याला पचत नसे. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तर जुम्मा म्हणून कारखाना बंद. धुळवड झाल्यावर गेला, तर शफीकमियाँ दारातच विडा लावत बसलेले. म्हणाले, "पंचमी निकल जाने दीजिए, फिर बात करेंगे."

घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या. "जुम्म्यालाही बंद, पंचमीलाही बंद. दोन दोन पंचांगं पाळणारा कारागीर कुठे बघितलास? मीच रंगवतो."

"तू?" गोपीनाथने भाकरी थापता थापता मान वर केली. "नीळकंठा, तू स्टुलाला रंग दिला होतास, त्यावर बसलेले हेडक्लार्क आठवतात का? त्यांना स्टुलासकट घरी पोचवावं लागलं होतं."

"ते स्टूल होतं."

"हो ना, आणि ही मोटर आहे. मियाँकडे दे. उशीर झाला तर वहिनींना सांग, रंगायला दिली आहे. तेवढीच ऐट."

"आणि आठ दिवसांत मोटर आलीच नाही तर? सुमित्रा ती न बघताच परत जाईल. म्हणेल, मोटर पत्रातच होती."

गोपीनाथने भाकरी उलटली. नीळकंठ रात्रभर इकडून तिकडे येरझारा घालत राहिला. पहाटे गोपीनाथ उठून म्हणाला, "रंगव बाबा. पण आधी चालणं थांबव, फरशी झिजते आहे."

मग काय विचारता. धुळवड उरकली होती, अंगावरचे रंग धुऊन झाले होते, रंगलेले सदरे फरशी पुसायला गेले होते. नागपूरच्या माणसाच्या हिशेबाने रंगांचा विषय वर्षभरापुरता मिटला होता. नीळकंठाने लाल, निळा आणि पांढरा ऑईलपेंट आणला आणि बादलीत कालवला. अंजिरी काही जमेना. कधी जांभूळ व्हायचं, कधी वीट. ढवळता ढवळता रंग दाट झाला, आणि दुकानं बंद झाली होती. पेंटर रंगात जवसाचं तेल घालतात एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ते उकळलेलं असतं, कच्चं लवकर वाळत नाही, हे ऐकायचं राहिलं होतं. आणि घाण्याचं कच्चं जवसाचं तेल तर घरातच होतं. गोपीनाथच्या आईने चटणीसाठी कळशीभर दिलेलं. ते त्याने बादलीत ओतलं.

खड्डे बुजवायची लांबी नाही, अस्तर नाही. "गंज हेच अस्तर," म्हणत त्याने कुंच्याने हात मारला. आणि काय सांगावं, रंग अंजिरी दिसला. अंगणात उभी मोटर भिजल्या अंजिरासारखी चकाकत होती. शेजारच्या बाया ओसरीवर आल्या. गोपीनाथसुद्धा म्हणाला, "बरी दिसते बुवा. फक्त भूक लागते बघून. चटणीचा वास येतोय."

दुसऱ्या दिवशी रंग ओला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ओला. नीळकंठ कचेरीतून तासातासाला घरी येऊन एक बोट लावून बघे, आणि बोटाचा ठसा पुसायला पुन्हा कुंचा मारी. त्याने पंख्याने वारा घातला. गोपीनाथला फुंकर मारायला बसवलं. माश्या, पिसं, वाळत घातलेल्या एका बनियनची बाही, जे येईल ते मोटर धरून ठेवी. एक चिमणी बसली ती उडेना. तिला पाय तेलाने धुऊन सोडवावं लागलं.

सुमित्राची गाडी सकाळची होती. निघता निघता नीळकंठाने बोट लावलं. ओलाच. तरी त्याने मोटर बाहेर काढली.

स्टेशनच्या वाटेवरच्या पुलाच्या अलीकडे त्याला ढोल ऐकू आला. त्याला वाटलं, लग्न असेल. वळण घेतलं आणि समोर अख्खं भोपाळ उभं होतं, हिरवं, गुलाबी, पिवळं. ती रंगपंचमी होती. इथे धुळवडीला सुरुवात होते आणि पंचमीला शेवट, हे त्याला नागपुरात कुणी सांगितलं नव्हतं.

"अरे, मोटर!" कुणीतरी हाकारलं, आणि गुलालाची परात टपावरून आली.

साध्या मोटारीवरून गुलाल उडून जातो. या मोटारीने एक कण खाली पडू दिला नाही. लोकांना तर अशी गंमत कधी मिळाली नव्हती; ते मूठ मारत आणि हात काढायला दोघांनी ओढावं लागे. दारांवर पंजे उमटले, टोप्या चिकटल्या, कुणाच्या गळ्यातला ढोलही मागच्या बाजूला चिकटला आणि मालक तिथेच चालता चालता वाजवू लागला. गर्दीतून एक नखशिखांत हिरवा माणूस पुढे आला, वाकला आणि बोटाने कुंच्याचे फराटे बघू लागला.

"को खाँ," शफीकमियाँ म्हणाले, "मैंने कहा था ना, पंचमी निकल जाने दीजिए." आणि त्यांनी अदबीने नीळकंठाच्या डोक्यावर उरलेली पिचकारी रिकामी केली.

स्टेशनवर सुमित्रा ट्रंकेवर बसली होती. समोर एक गुलाबी माणूस येऊन थांबला. तिने विचारलं, "अहो, इथे पिंपळापुरे ओव्हरसियर आलेत का?"

"मीच तो."

तिने ट्रंक त्याच्या हातात दिली. मग बाहेर आली, मोटर बघितली. ढोलवाला अजून मागे होता. तिला बघून त्याने वाजवणं बंद केलं.

"ही अंजिरी?"

"आतून आहे," नीळकंठ म्हणाला.

तिने एक बोट लावलं, ओढून काढलं, हुंगलं. "जवस?"

"गोपीनाथच्या घरचं."

"कच्चं?"

त्याने दार ओढून उघडलं. ती आत बसली. घराशी उतरायच्या वेळी पदर दाराला चिकटून राहिला, तो तिने कात्रीने सोडवला आणि अर्धा पदर हातात घेऊन म्हणाली, "परत जाईन ती याच मोटारीतून. टांग्याने नाही. एवढं मोटर मोटर लिहिलंत ना? पण ओल्या मोटारीत मी पुन्हा पाय ठेवायची नाही. वाळली की सोडा मला स्टेशनवर."

नीळकंठ मान हलवून अंगणात आला. ऊन चढलं होतं. त्याने सवयीने मडगार्डला बोट लावलं आणि दचकला. वरती पातळशी साय धरू लागली होती, रंग वाळायला लागला होता.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, दात आवळले आणि मोटारीला खांदा लावला. ती इंचाइंचाने कडुनिंबाच्या सावलीकडे सरकू लागली. खांदा चिकटत होता, पाय घसरत होते, श्वास लागला होता. शेवटी ती सावलीत गेली असं वाटून तो थांबला आणि कपाळावरचा घाम पुसला.

खिडकीत सुमित्रा उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"मागचं चाक उन्हातच राहिलंय," ती म्हणाली.