मावशीचं उत्तर मागून आलं

या मित्रांनो, जवळ सरका. माझा आवाज आता खरखरतो, पण गोष्ट जशी घडली तशीच सांगेन.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शिक्षकांना शिकवणाऱ्या कॉलेजात माझी हयात गेली. व्याख्यानं ऐकली, देवाच्या कथा गाऊन सांगणाऱ्यांचे गोड गळेही ऐकले. ऐकलं ते जसंच्या तसं जपलं. “यंत्र असावं तर असं,” तिथं शिकवणाऱ्या एक मॅडम म्हणत, आणि मी फुगून जाई.

या मॅडम नव्या शिक्षकांसाठी पुस्तक लिहीत होत्या, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना कसं शिकवावं यावर. आपणच बोलण्यापेक्षा त्यांच्याच तोंडून ऐकावं म्हणून त्यांनी वाचनालयातल्या एका मावशीला बोलावलं. मावशी स्वतः स्वमग्न. परक्यांशी बोलणं तिला जड जाई. तरी ती आली, कारण तिच्यासारखीच असलेली तिची भाची नुकतीच शाळेत जाऊ लागली होती.

मॅडमनी विचारलं, “लहानपणी बाई हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावायच्या, त्याचा उपयोग झाला?”

मावशी गप्प. प्रश्न तिच्यात खोल उतरे, मग उत्तर वर येई. मॅडमना धीर कुठला? “बरं, कोपऱ्यात शांत बसू दिलं तर बरं वाटायचं?”

तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. “नाही. काही ऐकूच यायचं नाही तेव्हा. नुसतं रडू यायचं.”

“छान बोललात,” म्हणत मॅडमनी माझं थांबायचं बटण दाबलं.

लिहून घेणाऱ्या ताईंना त्यांनी सांगितलं, मधली रिकामी टेप सोडून द्या. रिकामी? कथा गाणारा कडवं संपवून थांबतो, तेव्हाच अर्थ आत उतरतो. त्याला कोणी रिकामं म्हणतं का?

हनुवटीच्या प्रश्नापुढे उत्तरच दिसेना, म्हणून तो गळाला. “नाही” छापलं गेलं ते कोपऱ्याच्या प्रश्नाखाली, मावशीच्या नावानिशी. पुस्तकाचं कौतुक झालं, ते शाळाशाळांत गेलं.

मग एके दिवशी मावशी आली. बोलायचं ते घोकूनच आली होती. “माझं ‘नाही’ हनुवटीला होतं. शाळेनं भाचीचा कोपरा काढला. हनुवटी धरतात तिची. वर म्हणतात, तुझ्या मावशीनंच सांगितलंय. भाची आता माझ्याशी बोलत नाही.”

“अहो मावशी, पुढच्या आवृत्तीत बघू की,” मॅडम म्हणाल्या.

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. “टेप लावा.”

“तो बंद पडलाय,” मॅडम म्हणाल्या, आणि मला कपाटात ठेवलं.

मी बंद नव्हतो, मित्रांनो. विश्वासानं मान पुढे करणाऱ्याचा केसानं गळा कापतात, तो असा. नवी आवृत्ती आली, “नाही” तिथंच आहे.

माझ्यावरची धूळ राहू द्या. पण कुणाला काही विचाराल, तर उत्तर येईपर्यंत थांबा. आणि त्या मावशीची आठवण ठेवा. कोपऱ्याला “हो” म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, तेव्हाच माझं बटण दाबलं गेलं.