वाढबाबाचा दोर

"बांबू पडना तं मी हारनू!" गिरधर म्हणाला.

"अन् नही पडना तं मी!" शेजारचा सुकलाल मिशीला पीळ देत म्हणाला. "हारी तेनी आपली पगडी म्हशीना शिंगवर ठेवानी, अन् भर चौकमा तिले 'बाबा, मी येडा' म्हनानं!"

म्हैस कौसाबाईची. पैजही तिच्याच एकुलत्या खोलीवरून. पोराचं लग्न ठरलं, पण सुनेला जागा कुठाय? तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावरनं आलेला वाढबाबा खोली वाढवून देणार होता. दक्षिणा? तीच दुभती म्हैस. अंगणात सारं गाव लोटलं.

हातहातावर गाठी मारलेल्या तागाच्या दोरानं बाबानं आधी खोली आतून मोजली होती. दहा हात लांब, दहा हात रुंद. शंभर चौरस हात. तेव्हाच दोरीच्या बाजा-खाटा विणणाऱ्या गिरधरनं दोन भिंतींच्या मधे एक बांबू गच्च ठोकून बसवला. खोली वाढली की तो पडणारच!

"मोजणीदाराची साखळी लोखंडाची, बच्चा! तिला कुठली भक्ती? माझा दोर तापीमाईचं पाणी पितो!" बाबानं दोर घंगाळात बुडवला, तासभर मंत्र घोळवले, पुन्हा मोजलं. "अकरा बाय अकरा! एकशे एकवीस! एकवीस हात फुकट!"

लोक पाया पडले. कौसाबाई म्हशीचं दावं सोडायला लागली.

"थांब वं माय," गिरधर म्हणाला. "बाबा, बांबू का बरं नही पडना?"

"तोही कृपेनं वाढला!"

"मंग दोरवरच कृपा का नही?"

गिरधरनं बांबू काढून अंगणात टाकला. ओल्या दोरानं मोजला: अकरा हात. दोर उन्हात वाळवला, ताणला, पुन्हा बांबू मोजला: दहा.

"ढिली बाज भिजाडी का कशी ताठ व्हस? तसाच हाऊ दोर. भिजना, आखडना, गाठी जवळ उन्यात. खोली शे तेवढीच शे!"

दोर वाळेपर्यंत बाबा मात्र तापीकडे सटकला होता.

"मंग मन्ही वहू कठे झोपी?" कौसाबाई रडकुंडीला आली.

"मधमा कूडनी भित घालूत, माय. मी घालस. म्हैस तुन्हीच ऱ्हाई." गिरधर लोकांकडे वळला. "अन् तुम्ही आयका! कोनी चमत्कार दखाडा तं तेना दोरनी एकदा मोजा, आपली काठीनी एकदा. मंग पाया पडा!"

चौकात सुकलालनं पगडी म्हशीच्या शिंगांवर ठेवली, हात जोडले.

"बाबा, मी येडा!"

म्हशीनं मान हलवली, अन् पगडीचा लोंबता शेमला निवांत चघळायला घेतला.