धर्मसिंगची चिठ्ठी

मार्चच्या दहावीच्या परीक्षेत संगिता गणितात राहिली ती बापाच्या मायेपायी. धर्मसिंगला अक्षरओळख नव्हती. पण लेकीसाठी काही करायचं म्हणून त्यानं फाट्यावरच्या टपरीवर कुणाकडून तरी उत्तरं लिहून घेतली आणि कागदात दगड गुंडाळून खिडकीतून आत फेकला. सगळ्याच पोरांचे बाप-चुलते भिंतीवर चढले होते. हा एकटाच मागं राहिला असता, तर तांड्यावर तोंड कसं दाखवलं असतं? संगितानं चिठ्ठी उघडली. तिची उत्तरं वेगळी होती. तिनं आपली बरोबर उत्तरं खोडली आणि चिठ्ठीतली चुकीची उतरवली.

नापास झाल्याचं दुःख होतंच, पण दुसरीच गोष्ट तिला आतून खात होती. बापालाच आपल्यावर भरवसा नाही, तर आपण तो आणायचा कुठून?

ऑक्टोबर आला. या खेपेला राहिली तर लग्न, असं आई भिकाबाईनं सांगून टाकलं होतं. पेपरच्या सकाळी संगिता म्हणाली, "बा, चिठ्ठी फेकू नको. मला येतंय."

"बरं," धर्मसिंग म्हणाला, "न्हाई फेकत."

चौथ्या प्रश्नाला ती अडली. तीनदा सोडवलं, तीनदा उत्तर तेच आलं, तरी मन मानेना. हात खोडायला निघाला, तेवढ्यात पायाशी कागदाचा बोळा येऊन पडला. खिडकीबाहेर बापाचं तांबडं पागोटं दिसलं. तिला फार वाईट वाटलं. शब्द दिला होता की यानं!

पर्यवेक्षक सर दाराशी होते. तिनं वाकून बोळा उचलला, उघडला. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता. आत दगड नव्हता, गुळाचा खडा होता.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. गूळ तोंडात टाकून तिनं उत्तराखाली रेघ मारली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाहेर आल्यावर ती खोट्या रागानं म्हणाली, "फेकनार न्हाई म्हनला व्हतास."

"चिठ्ठी कुठं फेकली? समद्यायचे बाप काई ना काई फेकून राहिले, म्या काय नुसता उभा राहू? तुला येतंय म्हनलीस, मंग म्या काहून लिहून आनू?"

जीपमधून फाट्यावर उतरून दोघं तांड्याच्या वाटेला लागले. पेपर कसा गेला, हे धर्मसिंगनं एकदाही विचारलं नाही. अर्धी वाट सरल्यावर तिलाच राहवलं नाही.

"बा," ती म्हणाली, "एकबी उत्तर खोडलं न्हाई."